आक्काच्या हॉटेलातला डॉलर

बँकेत नोकरी केली की पेन्शनआधी किस्से साठतात! आमच्या निपाणीच्या शाखेसमोर शांताआक्काचं चहाचं हॉटेल आहे, तिथं तर ते उतूच जातात. मी परदेशी पैशांच्या काउंटरला. म्हणून डॉलर चढला की शिव्या मला, आणि उतरला तरी मलाच!

आक्काची पोरगी अमेरिकेला शिकायला निघालेली, फी डॉलरमध्ये भरायची. आणि बाकड्यावरचे भरमूअण्णा संकेश्वरी मिरची परदेशी पाठवतात, त्यांचा पैसा डॉलरमध्ये येतो. आक्काला डॉलर स्वस्त हवा, अण्णांना महाग. चहा एकाच किटलीतला, तोंडं दोन दिशांना!

*

एकदा आक्का म्हणाली, "नोटेवर सही करती ती थोरली बँक डॉलर स्वस्त का करत न्हाय रं?"

"करते की! डॉलर फार महागला की आपल्या साठ्यातले बाजारात सोडते. माल वाढला की भाव उतरतो."

अण्णा उसळले, "मी मिरची साठवली की साठेबाज, आणि तिनं डॉलर साठवलं की थोरली बँक व्हय?"

*

"कधी ती व्याज वाढवते," मी सांगितलं. "मग जादा व्याजाच्या आशेनं बाहेरचा पैसा इकडं येतो आणि रुपया वधारतो."

आक्कानं गाळणी खाली ठेवली. "अगं बाई! मग आमच्या भिशीचं व्याज वाढवते. अमेरिका कपबशी घिऊन दारात उभी ऱ्हाईल!"

*

आणि कधी थोरली बँक काहीच करत नाही. नुसतं "बाजारावर आमचं लक्ष आहे" म्हणते, तेवढ्यानं सट्टेवाले गार! हे आक्काला लई पटलं. दुसऱ्याच दिवशी अण्णा भज्यांवर तिसऱ्यांदा चटणी घेत होते. आक्का चुलीपाशनंच म्हणाली, "माझं लक्ष हाय बरं का!"

चमचा मुकाट्यानं परत भांड्यात गेला.

*

मग फी भरायचा आठवडा आला. डॉलर रोज चढत होता. आक्कानं जमवलेल्या पैशात फी आता कशीबशी बसत होती, अजून चढला असता तर पोरीचं जाणं हुकलं असतं. ती चहात साखर घालायला विसरू लागली, जीव तुटायचा बघून. इकडं अण्णांनी यंदा मिरची महाग घेतलेली. डॉलर उतरला तर ते बुडणार, आणि त्यांचा पैसाही नेमका फी भरायच्या दिवशीच यायचा होता!

त्या सकाळी मी मारुतीच्या देवळात गेलो. पुजारी आप्पा डोकं खाजवत बसले होते.

"साहेब, तुमच्या डॉलरचं काय समजंना. पहाटं अण्णा आलते. नारळ फोडला आणि म्हनले, देवा, डॉलर उतरू दे, आक्काच्या पोरीची फी हाय."

"अण्णा? उतरू दे म्हणाले?"

"व्हय! त्यांची पाठ वळली आणि आक्का आली. तिनंबी नारळ फोडला आणि म्हनली, देवा, डॉलर चढू दे, अण्णानं मिरची महाग घेतलीया!"

मी पळतच बँकेत गेलो. दिवसभर डॉलर ना चढला, ना उतरला! आक्काची फी गेली, अण्णांचा पैसा आला.

संध्याकाळी हॉटेलात गेलो, तर एकाच बशीत दोन नारळांचं खोबरं. अण्णा एकीकडं बघत होते, आक्का दुसरीकडं.

"थोरल्या बँकेनं लई सांभाळलं बघा!" दोघंही एकदमच म्हणाले.