पिवळी ओळ

खामगावच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी मी सांभाळते. नवा कम्प्युटर आला तेव्हा सगळी माहिती त्यावर मीच हलवली. सुरू करताना पडद्यावर एक पिवळी ओळ आली: अक्षरांचा क्रम लावायचे नियम इथे वेगळे आहेत, अनुक्रमणिका नव्याने तयार करा. इंग्रजीत होती, मला नीट कळली. पण त्यासाठी नोंदणी थोडा वेळ बंद ठेवावी लागली असती, आणि ते सांगायला डॉक्टरांच्या खोलीत जावं लागलं असतं. आत माणसं बसली होती. मी दारातूनच परत फिरले. चार-पाच नावं शोधून पाहिली, सापडली.

सोमवारी शेगावकडची एक म्हातारी आली. एका डोळ्याचं ऑपरेशन आमच्याकडेच झालेलं, आता दुसऱ्याचं करायचं होतं. तिचं आडनाव ‘क्ष’पासून सुरू होणारं. जुन्या कम्प्युटरने ‘क्ष’ची नावं अगदी शेवटी लावली होती, नवा ती ‘क’मध्ये शोधत होता.

“माय, तुमचं नाव नाही इथं,” काउंटरवरचे दादा म्हणाले. “जुनं कार्ड आणलं का?”

“कार्ड महाराजाच्या फोटोमांगं ठेवलं, दिसाले लागलं त्याच दिवशी. ते काऊन हालवू?”

“मग आम्ही कसं समजायचं?”

“हा डोळा काय मी बाजारातून आणला? का तुमच्या कम्प्युटरलेच मोतीबिंदू झाला?”

रांग हसली. मीही हसले, आणि हसता हसता ती पिवळी ओळ आठवली. तीन खुर्च्यांचं अंतर होतं. ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. पण मराठी माझ्या घरची भाषा नाही, बोलताना मला शब्द गोळा करावे लागतात, आणि सगळे तिकडेच बघत होते. तोवर दादांनी तिला नवीन रुग्ण म्हणून लिहून पुढच्या महिन्याची तारीख दिली. ती कागद न घेताच निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी अनुक्रमणिका पुन्हा तयार केली. दहा मिनिटं लागली. तिचं नाव लगेच आलं, खाली फोन नंबरही. सुनेने फोन उचलला. चूक माझी होती, उद्याच या, असं मी सांगितलं. तिने सासूला विचारलं. मागून आवाज आला, “त्यायच्या वहीत आपण नाहीच, तं जाऊन काय करू? एका डोळ्यानं भागते माह्यं.”

नंतर दोनदा फोन केला. सून म्हणते, सांगते त्यांना.

अधूनमधून मी ते नाव शोधून बघते. आता ते लगेच सापडतं. दुसऱ्या डोळ्याचा रकाना रिकामा आहे.