सात महिने न भिजलेली दोरी

"शपथेवर सांगतो" असं म्हणून कुणी बोलायला लागलं, की हुंग लियान-चू हातातलं काम खाली ठेवायची आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसायची. डोंगगांगच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यासमोर, तिचं दोरखंडाचं दुकान आणि माझी माशांच्या गोळ्यांच्या सूपची टपरी एकाच भिंतीला टेकून आहेत. एकवीस वर्षं ती माझ्याकडे दुपारचं सूप पिते, आणि एकवीस वर्षं पहिला घोट घेण्याआधी चमच्याने गोळा फोडून आत काय आहे ते बघते. सुरुवातीला मला राग यायचा. आता मीच म्हणते, "फोड बाई, फोड."

हा स्वभाव तिचा जन्मापासूनचा नाही. ती पलीकडच्या लिउचिउ बेटावरची. ती नऊ वर्षांची असताना तिच्या बापाची बोट ठरलेल्या दिवशी परतली नाही. मालकाचा माणूस घरी येऊन सांगायचा, "रेडिओ बिघडलाय, माणसं ठणठणीत आहेत." तीन महिने तो हेच सांगत राहिला आणि तीन महिने तिची आई बापाच्या वाटणीचा भात झाकून ठेवत राहिली. बोट पहिल्याच आठवड्यात बुडाली होती, आणि मालकाला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तेव्हापासून समुद्रावरून आलेल्या माणसाच्या शब्दावर लियान-चूने विश्वास ठेवला नाही. पुढे लग्न होऊन ती त्साय जिन-फाच्या घरी आली, दोर वळायला शिकली. तिला बोटांनी चाचपून सांगता यायचं, की हा दोर किती पाण्यात राहिलाय, कुठे घासलाय, कुणी निष्काळजीपणे उन्हात टाकलाय.

पाचेक वर्षांपूर्वी तिच्याकडे एक नवीन काम आलं. उत्तरेच्या थंड पाण्यात लांब दोरीला हजारो गळ लावून ट्यूना धरायला जातात, त्या बोटींना पक्षी हाकलायची दोरी सक्तीची झाली. गळ पाण्यात सोडताना आमिष थोडा वेळ वरवरच तरंगतं. अल्बट्रॉस हा लांब पंखांचा समुद्रपक्षी ते खायला झेप घेतो, गळ चोचीत अडकतो आणि दोरीबरोबर तोही खाली ओढला जाऊन बुडून मरतो. आमच्याकडे जुने लोक या पक्ष्याला 'आभाळावर भरवसा ठेवणारा म्हातारा' म्हणतात. म्हणून बोटीच्या मागच्या टोकाला उंच काठी उभारायची, तिच्यावरून शंभर मीटर दोरी मागे सोडायची आणि दोरीला नारिंगी झिरमिळ्या लावायच्या. त्या वाऱ्यावर फडफडल्या की पक्षी आमिषाजवळ येत नाही. मच्छीमार संघटनेने नमुना दिला, लियान-चूने तो उसवून परत बांधून बघितला, आणि वर्षभरात निम्म्या बंदराच्या दोऱ्या ती करू लागली.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये त्साय शुई-लाय सात महिन्यांनी परतला. हा जिन-फाचा चुलतभाऊ, वयाने लहान, स्वतःच्या बोटीचा तांडेल. दुसऱ्याच दिवशी दोरीचं खोकं खांद्यावर आणि हातात माशाच्या अंड्यांची वाळवलेली लगड घेऊन तो दुकानात आला.

"वहिनी, ही तुमच्यासाठी. आणि दोरी जरा बघून ठेवा. जूनमध्ये तपासणी आहे."

लियान-चूने लगड हातात घेतली, वास घेतला. "आज काय विशेष? लग्नाला चोवीस वर्षं झाली माझ्या, तुझ्याकडून खेकड्याची नांगी नाही आली कधी."

"अहो, तुमच्या दोरीनेच तर वाचवलं. सात महिन्यांत एक पक्षी नाही लागला. एकसुद्धा! बोटीच्या नोंदवहीत शून्य लिहिलंय. शपथेवर सांगतो."

तो गेला. लियान-चूने खोकं उघडलं आणि दोन मिनिटांनी मला हाक मारली. "इकडे ये. वास घे."

मी वाकले. "प्लास्टिकचा वास येतोय."

"नव्या प्लास्टिकचा. सात महिने समुद्रात गेलेल्या दोरीला नव्या प्लास्टिकचा वास?"

तिने झिरमिळ्या उलगडल्या. खोक्यात घालताना पडलेल्या घड्या तशाच होत्या. पिळात मीठ नव्हतं. कडीवर गंजाचा ठिपका नव्हता. मी म्हटलं, "धुतली असेल." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प सूप ढवळायला गेले.

तिसऱ्या दिवशी ती काठीचं माप घ्यायचं निमित्त करून शुई-लायच्या बोटीवर गेली, मीही सोबत गेले. तांडेल बोटीवर नव्हता. काठीच्या टोकाच्या कप्पीवर रंग जसाच्या तसा होता. दोरी फिरली असती तर तो पहिल्या आठवड्यात निघाला असता. बाजूला कार्सिदी नावाचा खलाशी गळाच्या दोऱ्या सांधत बसला होता. जावा बेटावरच्या तेगलचा, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याच्या मांडीजवळ सुया ठेवायचं एक नळकांडं होतं, पांढरं, हलकं, वीतभर लांब. लियान-चूने ते उचललं.

"कशाचं रे हे?"

"हाड, मावशी."

"कुणाचं?"

"माशाचं."

"माशाचं हाड आतून पोकळ कधीपासून व्हायला लागलं?"

कार्सिदीने सुई दोरात खुपसली ती बाहेर काढलीच नाही. मान खाली घालून म्हणाला, "तांडेलांना विचारा."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून नवराबायकोचं सगळं ऐकू आलं.

"घरातला माणूस आहे तो," जिन-फा म्हणत होता. "पक्षी तुझे कोण लागतात?"

"पक्षी कुणी लागत नाहीत. पण तो माझ्या तोंडावर खोटं बोलला, आणि वर माझ्याच दोरीचं नाव घेऊन बोलला."

"आता भाजीतल्या मिठावरही संशय घे."

"घेतेच. आज दोनदा घातलंयस तू."

शुई-लाय दोरी न्यायला आला तेव्हा लियान-चू माझ्या टपरीवर जेवत होती. पाच-सहा तांडेल आजूबाजूला बसले होते. ती म्हणाली, "दोरी मिळणार नाही."

"का? काही बिघडलंय?"

"बिघडायला ती खोक्याबाहेर यावी लागते. सात महिने भिजली नाही ती. आणि तुझ्या खलाशाच्या सुया ज्या हाडात आहेत, ते हाड उडत होतं कधीतरी."

शुई-लायचा चेहरा तांबडा झाला, आणि 'तुम्ही' गळून पडलं.

"तू माझ्या बोटीवर जाऊन माझ्या माणसांची झडती घेतेस? कुणी पाठवलं तुला? ते परदेशी पक्षीवाले? किती देतात?"

"मला कुणी पाठवत नाही."

"मग गेल्या महिन्यात ती कॅमेरावाली बाई तुझ्या दुकानात तासभर काय करत होती?"

ती बाई गाठ कशी मारतात ते बघायला आली होती. मी स्वतः तिला सूप दिलं होतं. पण हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत शुई-लाय निघून गेला होता, आणि उरलेले तांडेल वाटीत बघून जेवत होते.

बंदरावर बातमी पसरायला भरती लागत नाही. चार दिवसांत 'दोरवाली चुगली करते' हे मासळीबाजाराच्या पार टोकाला पोचलं. दोन बोटींनी अर्धवट कामं परत मागवली. मी गल्ल्यावर बसले की गिऱ्हाईक विचारायचं, "ती भिंतीला कान लावून बसते का गं?" लियान-चूला वाटायला लागलं, की जिन-फानेही शुई-लायला काहीतरी सांगितलंय. एकदा तिने मलाच विचारलं, "कॅमेरावालीबद्दल त्याला कुणी सांगितलं? तूच ना?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याकडे पाठ फिरवली. दोन दिवस ती सूप प्यायला आली नाही.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कार्सिदी पोतं घेऊन दुकानाच्या दाराशी उभा राहिला. ती दारातच म्हणाली, "शुई-लायने पाठवलं?"

"नाही, मावशी. त्यांना कळलं तर मला घरी पाठवतील."

"मग का आलास?"

त्याने पोतं उपडं केलं. आतून एक दोरी पडली. आमिषाच्या खोक्यांना बांधतात त्या पिवळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून तिला झिरमिळ्या केल्या होत्या. निम्म्या तुटलेल्या, उरलेल्यांवर मीठ साचलेलं. मी भांडण विसरून तिच्या दुकानात शिरले.

कार्सिदीने तुटक-तुटक सांगितलं ते असं. तांडेलने नवी दोरी खोक्यात ठेवली, कारण तपासणीत ती चांगली दिसायला हवी होती. पहिले दोन महिने काहीच लावलं नाही. गळ ओढायला घेतले की माशाच्या जागी पक्षी यायचे, भिजून दगडासारखे जड. एका दिवशी अकरा आले. "एकाच्या पायात कडी होती," कार्सिदी म्हणाला. "आकडे कोरलेली. कुणीतरी लहानपणी घातलेली. मी ती काढून तांडेलांना दिली. त्यांनी ती समुद्रात फेकली." त्या रात्री त्याने खोकं उघडून लियान-चूची दोरी नीट बघितली, आणि पट्ट्यांची तशीच एक स्वतः केली, कुणाला न विचारता. तांडेल आधी ओरडला. पण आमिष गळावर टिकायला लागलं तसा गप्प झाला.

"आधीचे साठाच्या वर," कार्सिदी म्हणाला. "नंतरच्या पाच महिन्यांत सहा. मी मोजलेत. वहीत सगळ्यांचं मिळून शून्य. आणि ते हाड पहिल्याच पक्ष्याचं. फेकवलं नाही."

लियान-चू दोरी हातातून सरकवत होती. "एवढी घासलीय, मग कप्पीवर रंग कसा?"

"कप्पीवर नाही बांधली. काठी बुटकी आहे. तिथून सोडली तर दोरी पाण्यात पडते आणि गळांत अडकते. आम्ही रेडिओच्या खांबाला बांधली."

तिचा विश्वास बसला नाही. तिने त्याला तिथेच माझ्या हवाली केलं, "याला सूप दे, जाऊ देऊ नकोस," म्हणाली आणि तडक बंदरावर गेली. पाऊण तासाने परतली तेव्हा तळहाताला रंगाचे पोपडे चिकटले होते. पंचेचाळिशीची बाई बंदरावरच्या पोरांसारखी रेडिओच्या खांबावर चढली होती.

"दोरी घासून पडलेली खाच आहे," ती म्हणाली. "बोटाच्या पेरभर खोल."

मग ती स्टुलावर बसली आणि दोरी मांडीवर घेतली. संघटनेचा नमुना मोठ्या जहाजांचा होता. तिने शंभर मीटर म्हटलं की शंभर मीटर केलं, गाठी पक्क्या मारल्या, आणि एकाही तांडेलला विचारलं नाही की तुझ्या बोटीची काठी किती उंच आहे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सगळ्यांचं तपासत बसले." आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशी तुला बोलले ते चुकलं." मी म्हटलं, "सूप गार होतंय."

कार्सिदी मुळात आला होता तो दुसऱ्याच कामासाठी. पट्ट्या गाठीपाशी तुटत होत्या, ती गाठ त्याला शिकायची होती. तीन रविवार तो येत राहिला, मागच्या दाराने. दोघांनी मिळून छोट्या बोटीसाठी हलकी, आखूड दोरी केली. तिच्या शेवटाला एक नळी ओढत ठेवायची, म्हणजे दोरी ताणलेली राहते.

ती दोरी घेऊन लियान-चू शुई-लायच्या घरी गेली. कार्सिदीचं नाव तिने काढलं नाही, म्हणाली, "खांबावरची खाच बघितली मी." त्याने सिगारेट पेटवली.

"शून्य लिहिणारा मी एकटा नाही, वहिनी."

"माहीत आहे. पण वहिनी मी तुझी एकट्याची आहे."

"साठ लिहिले तर उद्या माझी बोट बांधून ठेवतील. मग माझ्या पोरांना पक्षीवाले जेवायला घालणार?"

"गेलेली वही गेली. पुढची खरी लिही. आणि ही दोरी प्रत्येक फेरीनंतर मला दाखवायची. मी चाचपणार."

"तुझ्यासारखी बायको असती तर मी समुद्रावरून परत आलोच नसतो," शुई-लाय म्हणाला. पण दोरी त्याने घेतली.

पुढच्या वसंतात ती दोरी परत आली तेव्हा झिरमिळ्या निम्म्या उरल्या होत्या आणि पिळात मीठ होतं. वहीत सात पक्षी लिहिले होते. दोरीबद्दल लियान-चूला शंका नव्हती. सातबद्दल होती, ते चौदाही असू शकतात, असं ती म्हणाली. कार्सिदीला विचारता येत नव्हतं. तो करार संपवून तेगलला गेला होता, मुलीच्या शाळेसाठी, आणि पुन्हा येईल की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता आखूड दोऱ्या नऊ-दहा बोटींवर आहेत. कामं परत मागवलेल्या दोन बोटींपैकी एक पुन्हा आली, दुसरी अजून पलीकडच्या गल्लीतल्या दोरवाल्याकडे जाते. शुई-लाय वाटेत भेटला तर लियान-चूला नमस्कार करतो, सणाला घरी येतो. पण माझ्या टपरीवर ती बसलेली दिसली, तर सूप बांधून घेतो आणि बोटीवर जाऊन पितो.