लाल वहीतली सत्तावीस कामं

आमची आत्या पंधरा वर्षं नगरसेविका होती, आणि या पंधरा वर्षांत तिला सलग चार घास शांतपणे जेवताना कुणी पाहिलेलं नाही. फोन कानाला, आणि पलीकडून कोणीतरी सांगतोय की गटाराचं झाकण हललंय. की ही निघाली! झाकण बसेपर्यंत तिथून हलायची नाही. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणायचे, "लग्न कशाला केलं हिच्याशी? नुसती तक्रार नोंदवली असती तर जास्त लक्ष दिलं असतं."

तिच्या दोन वह्या. निळीत झालेली कामं, लालमध्ये राहिलेली. पण गंमत अशी की लाल वहीतही ती "केलं" असंच लिहायची. 'कोपऱ्यावरचा दिवा लावला. शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतार केला.' का, तर म्हणे, "करायचंय असं लिहिलं की ते करायचंच राहतं. केलं लिहिलं की लाज वाटते, मग होतं." ही रीत घरात सगळ्यांना पाठ. फक्त छापखान्यात काम करणाऱ्या मला, या विद्वानाला, ऐन निवडणुकीत ती आठवली नाही. 'पाच वर्षांत केलेली कामं' म्हणून मी खुशाल लाल वही छापली. दोन हजार पत्रकं वाटूनही झाली.

सकाळी काकांनी पत्रक वाचलं आणि खुर्चीतच बसकण मारली. "अरे गाढवा, यातलं एकही झालेलं नाही!"

मतदानाला नऊ दिवस उरले होते. मी रडकुंडीला आलो. आता लोक आत्याला खोटारडी म्हणणार, आणि तेही माझ्यामुळे. आत्याने पत्रक दोनदा वाचलं आणि खो खो हसायलाच लागली. "बरं झालं! आता करावीच लागतील."

आणि मग काय धमाल उडाली म्हणता! काका शिडीवर, आत्या शिडी धरून खालून सूचना देतेय. पालिकेचा वीजवाला तिला बघून गल्ली बदलायचा, तर ती पुढच्या गल्लीत आधीच हजर. मी बसथांब्याचा बाक रंगवला आणि दमलो म्हणून त्याच्यावरच बसलो. आठ दिवसांत सव्वीस कामं झाली. राहिला उतार.

तो मागितला होता चाकाच्या खुर्चीतल्या एका आजीने. मतदान त्याच शाळेत, पायऱ्या चार, आणि उचलून न्यायला आजीचा साफ नकार. "मी काय पोतं आहे?" म्हणून गेल्या दोन निवडणुका घरीच. आणि ही आजी कोण? विरोधी उमेदवाराची सख्खी आई!

"आत्या, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेयस," मी म्हटलं.

"तीन वर्षं झाली तिने मागून. तिच्यासमोर कोणत्या तोंडाने जाऊ?"

मतदानाच्या आदल्या सकाळी उतार बांधून झाला. मतदानाच्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत उतार पक्का वाळला म्हणून गवंड्याने मान डोलावली, तशी आत्या स्वतः खुर्ची ढकलत आजीला आत घेऊन गेली. बाहेर आल्यावर आजीचा चेहरा नुसता फुलला होता. "मुलालाच दिलं हो, खोटं कशाला बोलू!"

"मग! आई ना तुम्ही."

"आणखी एकदा वर नेतेस का गं? फार मजा आली."

नेलं. एकदा सोडून तीनदा. दोघी लहान मुलींसारख्या खिदळत होत्या, तेवढ्यात मतदान संपल्याची घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. आत्या एका मताने हरली.

घरात मी थयथयाट केला. त्या आजीच्या नावाने काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्या निवांत चहा गाळत होती. कप घेताना माझी नजर तिच्या बोटावर गेली. घरात प्रत्येकाच्या बोटाला मतदानाची शाई होती. तिचं बोट कोरं.

"आत्या, तू मत दिलंस ना?"

तिने बोट उलटसुलट करून पाहिलं. "अगं बाई! मी तर चारदा तो उतार चढले होते की रे!"

काकांना आधी हसू फुटलं, मग मला. आत्या तर ओट्याला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग एकदम थांबली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"हे बाहेर कुठे बोलायचं नाही हं. त्या आजीला कळलं ना, तर ती परत उतारावर यायची नाही."