कमलच्या नवऱ्याची परेड

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल, पितृपक्षातली चतुर्दशी. अपघातात नाहीतर हाणामारीत गेलेल्यांना पाणी द्यायचा दिवस. इथे उत्तरेत, नदीच्या राजा घाटावर मी माझ्या मुलाला, दत्ताला, घेऊन उभी होते आणि शेजारची कमल पायऱ्या उतरत आली.

तिचा नवरा पोलिसात शिपाई. डाकूंच्या गोळीने गेला. आमचे हे बिजली विभागात लाइनमन... वादळात तुटलेली तार जोडायला खांबावर चढले, ते जिवंत खाली आलेच नाहीत. दोघंही ड्यूटीवर गेले, एकाच वर्षी.

पण कमलच्या नवऱ्याचं नाव पोलीस लाइनीत दगडावर कोरलं. दरवर्षी परेड, बिगूल, बंदुका उलट्या धरून मानवंदना, कमलला शाल. आमच्या ह्यांच्या वाटणीला हिंदी पेपरातल्या दोन ओळी... ‘बिजलीकर्मी की मौत’. मी चौथी शिकलेली, तरी त्या दोन ओळी दहादा वाचल्या. नाव नव्हतंच.

खोटं कशाला बोलू, जळायचे मी. तिच्या गच्चीत ती शाल वाळत दिसली की माझ्या तोंडचा घास कडू व्हायचा.

तर कमल म्हणाली, "वहिनी, पुण्याचा पुतण्या यंदा येत नाहीये. मला दोन्ही पोरीच, आणि गुरुजी म्हणतात पोरींच्या हातचं चालत नाही. दत्ता आमच्या ह्यांनाही ओंजळभर पाणी देईल का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "का गं? एवढी सलामी मिळते, त्याने तहान नाही का भागत?"

कमल रडली नाही, चिडलीही नाही. "नाही भागत," म्हणाली. "म्हणून तर तुमच्यापुढे पदर पसरलाय."

गुरुजी घाई करत होते, पुढचे यजमान खोळंबले होते. मी म्हटलं, "देईल दत्ता. पण मला एकदा परेडला ने."

दत्ताने दोघांना तीळपाणी दिलं. नाव, गोत्र, सगळं रीतसर.

पुढच्या महिन्यात कमलने मला नेलं. फाटकाशी तिने झेंडूचे दोन हार घेतले, का ते मी विचारलं नाही. माइकवर एकेक नाव वाचत होते. तिच्या नवऱ्याचं नाव आलं, तेव्हा मी मान दुसरीकडे फिरवली...

मग कमलला हार वाहायला बोलावलं. तिने माझा दंड धरून मलाही ओढत नेलं आणि दगडापुढे दोन्ही हार ठेवले.

साहेबांनी मला विचारलं, "माताजी, ये दूसरा किसका है?"

आता आली का पंचाईत! उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव मी कधी घेतलेलं नाही. तेवढ्यात कमल खणखणीत बोलली, "वामनराव. बिजली विभाग. ये भी ड्यूटी पर गए थे, साहब." माइक शेजारीच होता... सगळ्या मैदानाने ऐकलं.

साहेब गडबडले, यादी चाळायला लागले. यादीत नाव कुठलं असायला! पण मागच्या बिगूलवाल्याला वाटलं, नावं संपली. त्याने बिगूल फुंकला. अख्खं मैदान उठून उभं राहिलं, साहेबांनाही टाचा जुळवाव्या लागल्या.

चुकून का होईना, आमच्या ह्यांच्या नावामागे बिगूल वाजला.

परतताना रिक्षात कमल म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हटलं, "दगडावर कुठं आहे नाव?" ती इतकी हसली की रिक्षावाल्याने वळून बघितलं.

माझं जळणं त्यानंतरही गेलं नाही. दत्ता मात्र दरवर्षी दोघांना पाणी देत राहिला.

गेल्या महिन्यात कमल गेली. तिचे आभार मानायचे राहिले असं म्हणणार नाही... मानायचेच नव्हते मला, अशी मी. आज मानते.