पडद्याले पाठ करून उभा राहनारा किसनदादा

किसनदादा साऱ्या मुलखाले सिनेमा दाखवे, पन सोता पाहे नाई. आमच्या टुरिंग टॉकीजचा तो ऑपरेटर. मशीन चालू करून दिली का तंबूच्या कडंकडंनं पुढं ये, पडद्याले पाठ करून उभा राहे अन् पब्लिकचे तोंडं पाहे. मशीनमधी कार्बनच्या दोन कांड्या जळत, त्याचाच उजेड पडद्यावर पडे. त्या कांड्या सरकवाची येळ झाली का मंग वापस पळे.

मी त्या तंबूत ओरडनारा होतो. अनसिंग गावचा. शाळेत मी एकच डाव गेलो, बकरी शोधाले. दिवसा बैलगाडीवर भोंगा घेऊन आजचा सिनेमा कोनता ते सांगाचं अन् सांजीले वीज बनवनाऱ्या इंजिनजवळ बसाचं, हे माहं काम. वाचता येत नसे, म्हनून एकडाव अख्ख्या गावाले मागच्या गावचाच सिनेमा सांगून आलो होतो.

मी दादाले इचारलं, "दादा, तू सिनेमा काहून नाई पाह्यत?"

"पडदा खोटं बोलते बावा. घडीत हासवते, घडीत रडवते. मानसाच्या तोंडावरचा उजेड मातर खरा असते. तूच पाह्य."

मी पाह्यलं. मले काई उजेड दिसला नाई. एक बाई तेवढी माह्याकडं रागानं पाहून राह्यली होती.

शेलूबाजारले मुक्काम होता तवा सिनेमा फडफडाले लागला. चित्र उजळे, मंद होये, पुन्हा उजळे. पब्लिक शिट्ट्या मारे. दादानं कांड्या बदलल्या, मशीनमधला आरसा पुसला, तरी तेच. आमचा शेठ जैन, मानूस सरळ, पन त्याचा साळा कारंज्याहून येऊन बसला होता. दिवस बुडाल्यावर बी काळा चष्मा लावून फिरे, अन् त्याले मशीन पाह्यजे होती. तिसऱ्या सांजीले शेठ दादाले म्हने, "किसन, आज बी फडफडलं तं उद्यापासून मशीन याच्याकडं."

दादाच्या पेटीच्या झाकनाले आतून बुद्धाचा फोटो चिकटवला होता. तेवढं झाकन उघडून पाह्यलं, लावलं, अन् मशीन चालू केली.

घडीभरात फडफड सुरू. साळा म्हने, "मशीन खोला."

"हात नको लावू," दादा म्हने. "पहिले पाह्यू." अन् माह्याच दंडाले धरून मले पडद्याखाली नेलं. "पाह्य तोंडं."

या खेपी मले दिसलं. सारे तोंडं एकाच दमानं उजळत अन् एकाच दमानं काळे पडत.

"म्हनजे पडदा बी नाई हालत, फिलिम बी नाई. उजेडच कमीजास्ती होऊन राह्यला," दादा म्हने. मंग मले बाहीर नेलं अन् तिकिटाच्या खिडकीवरचा लाइटीचा गुलुप दाखवला. तो बी तसाच करून राह्यला होता. "याच्यात कांड्या हायेत का?"

"नाई."

"मंग मशीनचा काय गुन्हा? आता डोळे मीट अन् इंजिन ऐक."

"एकसूर बोंबलून राह्यलं, दादा."

"मंग राह्यलं काय?"

"मधात काईच नाई, दादा. तार हाय फक्त."

दादानं मले खालून वरतं पाह्यलं. "तू लुंगी काहून लावली बे?"

"पॅन्ट धुतली. एकच हाय ना. दिवसभर गाडीवर धुराळा, म्हनून रोज सांजीले धुतो."

"वाळू कोठी घालतं?"

मी तारीकडं पाह्यलं. इंजिनची गरम हवा लागे म्हनून तारीच्या जोडाजवळच टांगत होतो. वली पॅन्ट, वरून वारा. झुलली का जोड ढिला पडे, थांबली का घट्ट बसे.

दादानं पॅन्ट काढली. गुलुप एकसारखा जळाले लागला. दुसरा कोनी असता तं तठीच थांबला असता. यानं पुन्हा टांगली. फडफडलं. पुन्हा काढली. थांबलं. आतून पब्लिक शिव्या देऊन राह्यली होती, सोताची नोकरी लटकली होती, अन् हा बावा माही पॅन्ट टांगून-काढून पाहे. मनाचं समाधान झाल्यावर पॅन्ट काखेत मारली अन् तार करकचून पिळली.

तेवढ्यात शेठ अन् साळा आले. "काय सापडलं?" शेठनं इचारलं.

दादानं माह्या तोंडाकडं पाह्यलं. माह्या तोंडावर तवा काय होतं देव जाने. "जोड ढिला होता, शेठ," तो म्हने.

"अन् ते काखेत काय?" साळा म्हने.

"फडकं."

फडकं म्हनला तं मले जरासं लागलं, पन खोटं नव्हतं.

मशीन दादाकडंच राह्यली. त्या कांड्यांच्या उजेडानं पुढं काई वर्सांनी त्याचे डोळे गेले, अन् तो मेडशीले पोराकडं राह्यला. तो मराच्या अगोदर मी भेटाले गेलो होतो. बाजीवर पडला होता. मले आवाजावरून वयखलं. म्हने, "मले आता तोंडं दिसत नाई. माह्या तोंडावर काय दिसते, तूच सांग."

बाहीरचा उजेड त्याच्या गालावर पडला होता. मी नीट पाह्यलं. "एकसारखा हाय, दादा. फडफडत नाई."

"अन् तुयी पॅन्ट?"

"घातली हाय."

आयकल्यावर भरोसा ठेवनारा तो मानूस नव्हता. चाचपत हात पुढं केला, माह्या मांडीवरचा कपडा दोन बोटांत धरून पाह्यला, पुन्हा पाह्यला.

"वाळली बावा एकदाची," म्हने.