नीता उजागरेची सात ओळींची टीप

दोह्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत नीता उजागरेला हिब्रू येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा उपयोग काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा नवरा मिहीर रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्ट करायचा. तो पाहुण्यांना हसत सांगायचा, "आमच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची मला बंदी आहे. एक हिचा ओव्हन आणि दुसरी हिची हिब्रूची वही."

नीता मूळची नेवाशाची. दोह्यात आली ती दोन हजार अकरा साली, फुटबॉल वर्ल्ड कपचं यजमानपद कतारला मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी. सगळीकडे खोदकाम चाललेलं. तिला एका स्टेडियमचं काम घेतलेल्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलरची नोकरी लागली. बांधकामाचा प्रत्येक नकाशा तिच्या टेबलावरून जायचा. एकाच जिन्याचे कधी बारा-बारा नकाशे निघत, प्रत्येकावर नवा क्रमांक, नवी तारीख. ताजा नकाशा साइटवर पोचवायचा आणि जुना, शिक्का मारून, जपून ठेवायचा. जुना फाडायचा नाही आणि त्याच्यावर खाडाखोडही करायची नाही. आठ वर्षांत तिच्या हातून एकही चुकीचा नकाशा साइटवर गेला नव्हता, आणि हे ती न लाजता सांगायची.

ऑफिसची व्हॅन सकाळी साडेपाचला निघे. साइटवर पोचायला पाऊण तास. बाकीचे डुलक्या काढत, आणि ही मांडीवर पुठ्ठ्याची कार्डं ठेवून अक्षरं घोटत बसे. लहानपणापासून जे शास्त्र पाठ केलं ते मुळात कसं लिहिलंय, एवढंच बघायची हौस होती. हौसेची सवय झाली. वर्षाला महिनाभर सुट्टीत घरी गेली, की त्यातले दहा दिवस ती ठाण्याला एलिझा पेणकर नावाच्या निवृत्त शिक्षिकेकडे शिकायला जाई. बाई बेने इस्राएल, मराठी बोलणाऱ्या यहुदी. फी घेत नसत, पण उच्चार चुकला तर पट्टी आपटत.

देवाची खूण म्हणून एका मुलीला मुलगा होईल, असं सांगणाऱ्या यशया संदेष्ट्याच्या प्रसिद्ध वचनाशी दोघी आल्या, तेव्हा पेणकरबाईंनी चष्मा काढून ठेवला. "हे बघ नीता, इथे तुझी-माझी वाट वेगळी होते. आमच्या लेखी ही खूण आहाज राजासाठी होती, त्याच्याच हयातीत पुरी झाली. तुमच्या लेखी ती सातशे वर्षं पुढे जाऊन येशूपाशी पोचते. तू काय मानायचंस ते तू मान. पण शब्द 'अल्मा' आहे. अल्मा म्हणजे वयात आलेली तरुण मुलगी. त्याच्यात एक अक्षर मी घालणार नाही आणि तूही घालू नकोस."

"नाही घालणार, बाई," नीता म्हणाली होती.

दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरात हा शब्द तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. मेसईमीरच्या चर्च कॉम्प्लेक्समध्ये मराठी मंडळीला दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोन ते साडेतीन एक हॉल मिळे. मेट्रो सुरू झाली, स्टेडियमांची कामं जोरात आली, तशी उपासनेला येणारी माणसं वाढली. त्यातली निम्मी इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पांतून यायची, जालना, बीड, परभणीकडची. जुन्या भाषांतराची भारदस्त मराठी त्यांना जड जाई. म्हणून मंडळीच्या वडीलजनांनी ठरवलं, की नाताळाच्या वाचनांची सोप्या मराठीतली एक पुस्तिका छापायची. वडीलजनांचे प्रमुख सदानंद आढाव स्वतः नीताकडे आले. पुण्याचे, वय एकसष्ट, तेल कंपनीतले मोठे इंजिनियर. त्यांचा शब्द मंडळीत शेवटचा असे.

"नीताबाई, हिब्रू शिकलात ना? आता दाखवा," ते म्हणाले.

तिला आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं होतं. दोन आठवडे तिने ऑफिसनंतरचा सगळा वेळ त्यातच घातला. मिहीरने स्वयंपाक अंगावर घेतला. यशयाच्या उताऱ्यात ती 'अल्मा'पाशी आली आणि थांबली. जन्मभर तिने तिथे 'कुमारी' म्हटलं होतं. तेच लिहिलं असतं, तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने जहूरला विचारलं. जहूर रत्नागिरीचा, कंपनीची अरबी पत्रं इंग्रजीत आणि इंग्रजी पत्रं अरबीत करणारा. त्याच्या टेबलाशी उभं राहून तिने कागदावर तो शब्द लिहिला.

"ह्याच्या जवळपासचं अरबीत काही आहे का रे?"

जहूरने दोनदा पुटपुटून पाहिलं. "गुलाम असणार, नीताबाय. आपण गुलाम म्हणजे नोकर म्हणतो, पण अरबीत मुळात अर्थ पोरगा, जवान मुलगा. तुमची ती अल्मा म्हणजे त्याच मुळाची मुलगी."

"आणि बतुला?"

जहूर हसला. "बतूल! माझ्या धाकट्या बहिणीचं नाव. बीबी मरियमला आम्ही बतूल म्हणतो, म्हणजे कुमारी. तो शब्द आहे का तिथं?"

"नाही ना. तेच तर. हिब्रूत तो शब्द होता, पण इथे वापरला नाही."

"मग मरियमचं काय?" जहूरने जरा काळजीनेच विचारलं. "ती तर कुमारीच होती. आम्हीही तेच मानतो."

"त्यात शंकाच नाही," नीता म्हणाली. "येशूची कथा लिहिताना मत्तयाने यशयाचं हेच वचन देऊन 'कुमारी' असं स्पष्ट सांगितलंय. प्रश्न एवढाच, की यशयाच्या तोंडी मी मत्तयाचा शब्द घालायचा का?"

जहूरने कागद तिच्याकडे सरकवला. "मी शेखचं पत्र भाषांतरतो तेव्हा त्याला काय म्हणायचं होतं ते मला दिसत असतं. तरी लिहितो तो जे म्हणाला तेच. नाहीतर नोकरी खलास."

नीताने यशयाच्या उताऱ्यात 'तरुणी' लिहिलं, मत्तयाच्या उताऱ्यात 'कुमारी'. आणि दोन्हींच्या मधे सात ओळींची टीप. त्या सात ओळींना तिला बाकीच्या सगळ्या पुस्तिकेपेक्षा जास्त दिवस लागले.

वडीलजनांच्या बैठकीत सदानंदांनी चष्मा वर केला आणि पान तिच्यापुढे धरलं. "हे काय? तरुणी?"

"मुळात तोच शब्द आहे, काका."

"मी पाच वर्षांचा असताना आईने हे वचन माझ्याकडून पाठ करून घेतलं. कुमारी! माझ्या आईला काय कमी कळत होतं?"

"तुमच्या आईंनी मत्तयातलं शिकवलं असेल, तर अगदी बरोबर शिकवलं."

"शब्दांचे खेळ नकोत." सदानंदांचा आवाज चढला. "तुम्ही-आम्ही शिकलेले आहोत, पचवू. कॅम्पातली साधी माणसं येतात, त्यांचं काय? त्यांचा विश्वास तुमच्या एका टिपेने डळमळला तर जबाबदार कोण? कुमारी करा, टीप काढा, विषय संपवा."

नोकरीत तिने मोठमोठ्या मॅनेजरांना नाही म्हटलं होतं, पण इथे सगळी घरची माणसं. तरी ती म्हणाली, "काका, हवं तर माझं भाषांतर घेऊ नका. जुनं छापा, ते सुंदरच आहे. पण 'मूळ हिब्रूवरून' असं वर छापून खाली वेगळा शब्द मी देणार नाही."

सदानंदांनी ते पान पुन्हा दोनदा वाचलं. शेवटी सदानंद म्हणाले, "ठीक आहे. येत्या शुक्रवारी उपासनेनंतर तुम्ही सगळ्यांपुढे हे समजावून सांगा. एकाचाही चेहरा पडला, तर टीप जाईल."

"चालेल," ती म्हणाली.

त्या शुक्रवारी हॉलमध्ये दीडशेच्या वर माणसं होती. भिंतीला टेकून उभी राहिलेलीही बरीच. नीताने कागद हातात घेतला, पण बघितला नाही. तिने गोष्टच सांगितली. यरुशलेमवर दोन राजे चाल करून आलेत, आहाज राजाचं धाबं दणाणलंय. यशया त्याला म्हणतो, देव तुला खूण देतोय: तरुणीला दिवस गेलेत, तिला मुलगा होईल, त्याचं नाव इम्मानुएल, म्हणजे देव आपल्याबरोबर. ते पोर बरं-वाईट ओळखायच्या वयाचं होण्याआधीच ह्या दोन राजांचा निकाल लागलेला असेल.

"ती तरुणी कोण, यशयाने सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "कुणी म्हणतं राजाची राणी, कुणी म्हणतं यशयाची बायको. रिबका लग्नाआधी विहिरीवर पाणी भरायला आली, तिलाही शास्त्रात हाच शब्द आहे. म्हणजे तो शब्द कुमारीला चालतो, पण कुमारी असंच सांगत नाही. पुढे येशूच्या जन्माआधी दीड-दोनशे वर्षं यहुदी पंडितांनीच ग्रीक भाषांतर केलं, आणि त्यांनी तिथे कुमारी हा शब्द घातला. का घातला, ह्यावर आजही वाद आहे. मत्तयाने ते ग्रीक वाचलं, मरियेकडे पाहिलं, आणि म्हणाला, ही खूण आता पुरी भरली. यहुदी लोक हे मानत नाहीत. आपण मानतो. पण आपण मानतो म्हणून यशयाचा शब्द बदलायचा हक्क आपल्याला मिळत नाही."

ती थांबली. सदानंद पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

मग भिंतीकडून एक हात वर झाला. रंगनाथ, जालन्याचा, सळई बांधणारा गडी, कंपनीचा निळा शर्ट घालूनच आलेला. ह्याआधी मंडळीत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"ताई, म्या बोलू का?"

"बोला ना."

"आमच्या खोलीत आठ जण हैत. त्यातला एक शिकलेला हाय. त्यानं मला मोबाइलवर दावलं, तुमच्या पुस्तकात शब्द बदललाय म्हनून. तवापासून सा महिने झाले. म्या दोघा-तिघांना इचारलं, तर म्हनले, असलं इचारू नये, विश्वास ठेव. आता न इचारता विश्वास कसा ठेवू? झोपताना प्रार्थना करायचो तर त्योच शब्द आडवा यायचा." त्याने नीताच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "आज पयल्यांदा कुनीतरी मला खरं सांगितलं. ह्यो कागद मला द्या. आज जाऊन त्याला वाचून दावतो. शब्द ह्यो हाय, आन् आमी मानतो ते ह्ये हाय. आता मला लपवायचं काय न्हाई."

तो खाली मान घालून पुन्हा भिंतीला टेकला. कुणीतरी "आमेन" म्हणालं, मग बऱ्याच जणांनी म्हटलं.

सदानंद उठले. नीताला वाटलं, आता काहीतरी कडक ऐकावं लागणार. ते तिच्याकडे न बघता थेट रंगनाथकडे गेले. "सहा महिने?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही ज्यांना विचारलंत त्यांत मी होतो का?"

रंगनाथने हळूच होकारार्थी मान हलवली. ते उत्तर पुरेसं होतं.

सदानंद पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साध्या माणसाला पेलणार नाही असं मी म्हटलं होतं. ते चुकलं. टीप राहील. एक ओळही कापायची नाही."

नीताने हातातला कागद रंगनाथला नेऊन दिला आणि ती खुर्चीत येऊन बसली. मिहीर मागच्या रांगेत उभा राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता, उपासनेच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नसतानाही.

वीस डिसेंबरच्या शुक्रवारी नाताळाची उपासना झाली. यशयाचं वचन आधी नीताने हिब्रूत वाचलं, मग सदानंदांनी मराठीत. 'तरुणी' हा शब्द त्यांनी सावकाश, स्पष्ट उच्चारला, जणू लहानपणच्या त्या पाठांतराला समजावत. मत्तयाचं वाचन रंगनाथकडे होतं. तो 'कुमारी'पाशी आला तेव्हा त्याचा आवाज असा खणखणीत लागला, की दाराबाहेर थांबलेली पुढच्या उपासनेची मल्याळी मंडळीही वळून बघू लागली. पुस्तिकेच्या तीनशे प्रती त्याच दिवशी संपल्या. पहिल्या पानावर छापलं होतं, 'मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी: नीता उजागरे'. ती ओळ तिने लिहिली नव्हती. सदानंदांनी छापखान्यात उभं राहून घालून घेतली होती. एक प्रत ठाण्याला गेली. पेणकरबाईंचं उलट पत्र आलं, "अर्थ तुमचा तुम्हाला लखलाभ. शब्दाला मात्र धक्का लावला नाहीस. शाबास." नीताने ते पत्र मिहीरला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा मागितलं नसताना वाचून दाखवलं.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी उपासनेच्या आधी अर्धा तास नीताचा हिब्रूचा वर्ग सुरू झाला. अकरा जण आले. रंगनाथने सळईच्या मापांची वही उलटी करून मागून लिहायला घेतली होती. पहिल्या बाकावर सदानंद आढाव, नवी कोरी वही आणि तीन रंगांची पेनं घेऊन. घशातून काढायचं एक अक्षर त्यांना काही केल्या जमेना.

"काका, तुमचा कतारी साहेब बोलतो तसं बोला," नीता म्हणाली. "घसा उघडा."

एकसष्ट वर्षांच्या इंजिनियरने डोळे मिटून घसा उघडला. काय आवाज निघाला कोण जाणे, सगळा वर्ग हसला, ते स्वतःही हसले.

"चुकलं," नीता म्हणाली. "यल्ला, चला, पुन्हा."