राहिलेलं नाव

समोरच्या माणसाचा चेहरा बघण्याआधी अण्णा त्याचे खांदे बघायचे. "डावा उतरलाय तुमचा," म्हणायचे, आणि तो माणूस पुढचे चार दिवस आरशासमोर तिरका उभा राहायचा. माझा उजवा उतरलेला निघाला. अजून तसाच आहे.

हुमनाबादच्या बाजारात त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आणि माझं फ्लेक्सचं, मधे एक भिंत. कुणी बाईनं गडबड केली की ते मान वर न करता म्हणायचे, "घाई कामून करायलाव? लग्न तुमच्या पोरीचं हाय, माजं न्हाई." पन्नाशी आली तरी स्वतःच्या लग्नाचा विषय ते असा दुसऱ्याच्या मांडवात ढकलून द्यायचे. तुमच्याही पेठेत असा एखादा असेल. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी काही बोलत नाही, आणि त्यालाच आपण आपला मोठेपणा समजतो. मीही समजत होतो.

एक दिवस म्हणाले, हैदराबादला मिरवणूक आहे, फोटो काढायला चल. मी विचारलं, कुठल्या पक्षाची? ते इतके हसले की तोंडात धरलेली टाचणी काढून ठेवावी लागली. मग बसमध्ये त्यांनी नीट सांगितलं. पुरुषावर जीव जडलेले पुरुष, बाईवर जीव जडलेल्या बाया, असे सगळे त्या दिवशी उघड्या चेहऱ्यानं रस्त्यानं चालतात, त्याला प्राइड म्हणतात.

"मी त्यातलाच हाय. तुला म्हाईत हाय न्हवं?"

"व्हय," म्हणालो आणि खिडकीबाहेर असा बघत बसलो, जणू जन्मात ऊस पाहिला नव्हता.

अण्णांनी ब्लाउजच्या अस्तराचे उरलेले तुकडे जोडून सप्तरंगी कुडता शिवला होता. हातात पुठ्ठा, त्यावर त्यांच्याच अक्षरात: 'पन्नाशी झाली. आता लपत न्हाई.' मराठी वाचणारे तिथे थोडेच, पण कुडता कुणी शिवला हे विचारायला पोरापोरींनी त्यांना घेरलं. दुकानात वाकून बसलेला माणूस इतका उंच आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी आधी कॅमेऱ्याआड लपलो होतो. दुपारी ढोल वाजायला लागल्यावर कॅमेरा गळ्यात टाकून नाचलो. त्याचा फोटो कुणी काढला नाही, हे त्या शहराचे उपकार.

परतताना अण्णा म्हणाले, फोटो मला दे, पण अक्काला मी सांगेपर्यंत कुणाला दावू नको. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, जवळच्याच दुबलगुंडी गावची. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं. दर रविवारी ते तिच्याकडे जेवायला जायचे. येत्या रविवारी सांगणार होते.

आता माझी अक्कल बघा. आमच्या धंद्यात नुसता फोटो म्हणजे उघडाबोडका माणूस. मला वाटलं, अण्णांना सजवून द्यावा. चौकट लावली, झालर लावली, आणि जत्रेच्या जुन्या फ्लेक्सवरून खालची पट्टी उचलली: 'शुभेच्छुक' आणि गावच्या बावीस मानकऱ्यांची नावं. ती पट्टी दिसली की माझं बोट आपोआप फोनवरच्या गावाच्या ग्रुपवर जातं. एखादं नाव राहिलं तर भांडणं होतात, म्हणून प्रत्येक फ्लेक्सचं प्रूफ मी आधी तिथेच टाकतो. हेही तसंच टाकलं. खाली लिहिलंही: 'नावं तपासून घ्यावीत.'

पहिलं उत्तर आलं, "माझं नाव राहिलंय." दुसऱ्यानं पुठ्ठा वाचला होता. "ह्ये कसलं सोंग? माजं नाव काढ." मग तीन-चार जण हसले. मी पुसायला धावलो तोवर सगळ्या गावानं पाहिलं होतं.

शेवटी अक्काचा आवाज आला; तीही त्याच ग्रुपवर होती. तिला लिहिता येत नाही, ती बोलूनच पाठवते. "ज्याला नाव काढायचं हाय त्यानं काढावं. भाऊ माजा हाय. माजं नाव कामून न्हाई? वर टाक."

मी फोन घेऊन भिंतीपलीकडे गेलो. काय केलं ते सांगितलं. अण्णांनी तो आवाज तीनदा ऐकला. मला वाटलं, आता मला मिठी मारतील.

"तिला मी सांगायचं होतं," ते म्हणाले. "इतकी वर्सं शब्द जुळवायलो होतो. ते तू खाल्लेस."

अक्का चांगली निघाली, त्यात माझा काहीच हात नव्हता. ती वाईट निघाली असती तर मात्र तो हात माझाच असता. रविवारी ते जेवून आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सोमवारी भिंतीपलीकडून म्हणाले, ती पट्टी काढ, एकटं तिचं नाव घाल. ते चित्र त्यांनी स्वतः, स्वतःच्या फोनवरून, सगळ्यांसाठी टाकलं. इतकं होऊनही त्यांनी माझ्याकडूनच काम करून घेतलं, हे मी विसरत नाही.

आता अण्णा हैदराबादला शिवतात. भिंतीपलीकडे मोबाईलचं दुकान आलंय. यंदाच्या मिरवणुकीचा फोटो त्यांनी टाकला: फुटपाथवर अक्का, डोक्यावर पदर, एका हातात चहा, दुसऱ्या हातानं पाय चोळतेय, शेजारी अण्णा. फोटो वाकडा, मधे अर्धा खांब. मला खाली बरंच लिहावंसं वाटलं. लिहिलं. पण पाठवण्याआधी त्यांना फोन लावला.

"अण्णा, तुमच्या फोटोखाली दोन शब्द लिहू का?"

तिकडे मशीन थांबली.

"आता इचारायलास व्हय?" म्हणाले. मशीन पुन्हा सुरू झाली. मग म्हणाले, "लिही."